चौघं, त्यांचं गाव आणि आमचा वाद

माझी भाची अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सला पीएच.डी. करते, विषय इकॉलॉजी. मी १९९१ पासून तिथल्याच आर.ई.एम. या बँडची गाणी ऐकतो आहे. त्यामुळे तिच्या रोजच्या येण्याजाण्याचं गाव मला फक्त गाण्यांतून आणि वाचनातून ठाऊक. ती सुट्टीत पुण्याला आली की या बँडवरून आमची जुंपतेच. मी म्हणतो, आर.ई.एम. त्या गावानं घडवला. ती म्हणते, गावाला फुकटचं श्रेय देऊ नकोस. या खेपेचं बोलणं मी लिहून काढतो आहे, कारण तिचे काही मुद्दे मला अजून पचलेले नाहीत आणि माझे काही मुद्दे मी अजूनही सोडलेले नाहीत.

"हे बघ," मी सुरुवात केली, "पीटर बक 'वक्स्ट्री' नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला. मायकेल स्टाइप युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियात कला शिकणारा पोरगा. बक ज्या रेकॉर्ड स्वतःसाठी बाजूला काढून ठेवायचा, नेमक्या त्याच हा विकत घ्यायला उचलायचा. तिथून त्यांची दोस्ती. माइक मिल्स आणि बिल बेरी मेकन शहरातून आलेले, शाळेपासून एकत्र वाजवणारे. चौघांपैकी एकाचाही जन्म अथेन्सचा नाही. एका कॉलेजच्या गावानं त्यांना एकमेकांसमोर आणून उभं केलं. असं दुकान नसतं, असं विद्यापीठ नसतं, तर ते भेटलेच नसते."

"भेटले असते की दुसऱ्या कुठल्या दुकानात," ती म्हणाली. "आणि विद्यापीठाचं म्हणशील तर चौघांनीही शिक्षण अर्धवट सोडलं. तुमच्या पिढीत तर अशा मुलाला घराबाहेर काढलं असतं."

"काढलं असतं. म्हणूनच मला त्या गावाचं अप्रूप आहे. ५ एप्रिल १९८० ला ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला उभे राहिले ते एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला. जागा कुठली, तर ओकोनी स्ट्रीटवरचं सेंट मेरीज नावाचं जुनं चर्च. तिथली उपासना केव्हाच बंद पडलेली. पुढच्या भागात राहायच्या खोल्या काढल्या होत्या आणि मूळ सभागृह मागे तसंच रिकामं पडून होतं. एका कपाटाच्या मागच्या भिंतीला भोक होतं, त्यातून वाकून पलीकडे गेलं की मोठी, उंच छताची, मोडकळीला आलेली जागा. त्या रात्री तिथे माणसं खच्चून भरली होती. बँडला अजून धड नावसुद्धा नव्हतं."

"आता तिथे फक्त मनोरा उभा आहे, मामा. चर्च १९९० मध्ये पाडलं. मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा बाहेरगावचे लोक मनोऱ्याचे फोटो काढताना दिसतात. चौघांनी नंतर जे केलं ते केलं नसतं, तर त्या मनोऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. त्यांच्यामुळे गावाला नाव मिळालं आणि आता आपण ते नाव उलटं त्यांच्या यशाचं कारण म्हणून सांगतो."

हा तिचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात एक फट आहे आणि ती मी सोडली नाही. अथेन्सला नाव आर.ई.एम.च्या आधीच मिळायला लागलं होतं. बी-फिफ्टीटूज हा तिथलाच बँड. १४ फेब्रुवारी १९७७ ला त्यांनी एका घरगुती पार्टीत पहिल्यांदा वाजवलं आणि दोन वर्षांत ते न्यूयॉर्कमध्ये नावाजले गेले. पाठोपाठ १९७९ मध्ये पायलॉन आला. त्यातली सगळी मुलं कलाशाखेची, वाद्यं जेमतेम हातात धरायला शिकलेली, आणि तरीही त्यांचं संगीत इतकं नेटकं, इतकं ताठ की आजही ऐकताना पाय जागेवर राहत नाहीत. पायलॉनचा ड्रमर कर्टिस क्रो यानं आपल्या माळ्यावर पार्ट्या सुरू केल्या. तिथे उजेडासाठी चाळीस वॉटचा एकच बल्ब होता, म्हणून त्या जागेचं नाव पडलं 'फोर्टी वॉट क्लब'. तो क्लब जागा बदलत बदलत आजही चालू आहे.

"म्हणजे आर.ई.एम. आले तेव्हा नाचणारे लोक तयार होते," मी म्हटलं. "मला गावाचं सगळ्यात मोठं देणं हेच वाटतं. विद्यापीठाभोवतीची जुनी लाकडी घरं, चार-पाच जणांत वाटून घेतलेलं भाडं, आठवड्यात थोडे तास नोकरी केली तरी भागायचं. उरलेला वेळ वाजवायला. आणि वाजवताना चुकलं तरी समोरचे नाचत राहायचे. मोठ्या शहरात पहिल्याच कार्यक्रमाला तुला कंपनीचा माणूस ऐकायला येतो. तिथे चुकायची सोय नसते. या मुलांना दोन वर्षं चुकत चुकत वाजवायला मिळाली."

"दोन वर्षं ते गावात होतेच कुठे?" भाची ताडकन म्हणाली. "तू तारखा नीट बघ. एप्रिलमध्ये पहिला कार्यक्रम, जुलैत ते नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरबरोला. तिथे त्यांना जेफरसन होल्ट भेटला. तो नंतर अथेन्सला राहायला आला आणि त्यांचा मॅनेजर झाला. मग जुनी व्हॅन, आणि एका कॉलेजच्या गावातून दुसऱ्या. चांगलं रेकॉर्डिंग करायचं ठरवलं तेव्हा अथेन्समध्ये केलं का? नाही. ते मिच ईस्टरकडे विन्स्टन-सेलमला गेले. त्याचा स्टुडिओ म्हणजे आईवडिलांचं गॅरेज. 'रेडिओ फ्री युरोप' तिथे झालं. १९८१ मध्ये 'हिब-टोन' या छोट्या लेबलनं सुरुवातीला हजार प्रती काढल्या आणि न्यूयॉर्क टाइम्सनं त्या वर्षीच्या दहा उत्तम सिंगल्समध्ये तिला घेतलं. गावातच बसून राहिले असते तर गावातलेच राहिले असते."

"पण परत यायचे अथेन्सलाच."

"परत यायचे हे खरं. पण मला विचारशील तर त्यांना एका गावानं नाही, अनेक गावांच्या साखळीनं उभं केलं. प्रत्येक विद्यापीठाच्या गावात एक रेडिओ, एक रेकॉर्डचं दुकान, एक बार. तू त्यांच्या 'मर्मर' या पहिल्या अल्बमचं कव्हर इतक्या प्रेमानं बघतोस, त्यावर काय आहे?"

"कुडझूची वेल. सगळं झाकून टाकणारी."

"तीच. दक्षिणेत सगळे म्हणतात की कुडझू आपोआप पसरली. आम्ही शिकतो ते वेगळं आहे. ती मूळची जपानची. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकेत आली आणि शोभेची म्हणून अंगणात राहिली. १९३० च्या दशकात जमिनीची धूप थांबवायला सरकारनं शेतकऱ्यांना पैसे देऊन ती लावून घेतली, तेव्हा ती पसरली. कॉलेज रेडिओचं तसंच आहे. एफएमवर ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा पट्टा शिक्षणसंस्था आणि बिगर-धंदेवाईक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. जॉर्जिया विद्यापीठाचं डब्ल्यूयूओजी १९७२ पासून ९०.५ वर आहे. तिथे विद्यार्थीच निवेदक. जाहिरातदाराला काय आवडेल याची चिंता नाही, म्हणून अनोळखी बँड लावता येतो. देशभर अशी केंद्रं होती आणि त्यांनीच 'मर्मर' घराघरांत नेला. हे कुणाच्या गावाच्या मातीतून उगवलेलं नाही, कुणीतरी धोरण म्हणून पेरलेलं आहे."

इथे मी गप्प झालो. राखीव पट्ट्याचा हा धागा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आम्ही ज्याला 'स्वयंभू' म्हणतो त्याच्या मुळाशी पुष्कळदा असा एखादा रुक्ष सरकारी निर्णय असतो, हे मला पटलं. आणि ते मला आवडलंही, कारण तो निर्णय कुणालाही, कुठेही घेता येतो.

पण मी 'मर्मर'वर आलोच होतो, तर तिथेच थोडा रेंगाळलो. आय.आर.एस. या कंपनीनं १९८२ मध्ये त्यांच्याशी करार केला, 'क्रॉनिक टाउन' हे छोटं रेकॉर्ड काढलं आणि पहिल्या पूर्ण अल्बमसाठी स्वतःच्या पसंतीचा निर्माता सुचवला. त्यानं ठोक्याला ठोका जुळावा म्हणून एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं, वर सिंथेसायझर चढवला. मुलांनी कंपनीला स्पष्ट सांगितलं की आम्हाला हे नको, आम्हाला आमचा मिच ईस्टर द्या. ईस्टर आणि डॉन डिक्सन या दोघांनी १९८३ च्या सुरुवातीला शार्लट शहरातल्या स्टुडिओत तो अल्बम केला. बकच्या गिटारमध्ये त्या काळच्या रॉकसारखे लांबलचक सोलो नाहीत. तो तारा एकेक सुटी छेडतो, त्यामुळे स्वर घंटीसारखे वेगवेगळे ऐकू येतात. मिल्सचा बास नुसता खर्ज धरून बसत नाही, तो स्वतःची वेगळी चाल गातो. स्टाइप स्टुडिओच्या बाजूच्या अंधाऱ्या जिन्यात बसून गायला आणि त्याचा आवाज वाद्यांच्या वर न ठेवता त्यांच्यात मिसळून ठेवला. शब्द नीट कळत नाहीत. मला पहिल्यांदा ऐकताना भाषेचा अडसर वाटला होता, पण अमेरिकेतल्यांनाही ते कळत नव्हते. त्या वर्षी मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' सगळीकडे वाजत असताना रोलिंग स्टोननं वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला. बिलबोर्डच्या यादीत तो ३६ च्या वर गेला नाही.

"बघ," भाची म्हणाली, "कंपनीला नाही म्हणणं हे गावानं शिकवलं की त्यांनी ठरवलं?"

"गावानं," मी म्हटलं. "ज्या मुलांना नाचणाऱ्या मित्रांसमोर दाद मिळालेली असते, त्यांना माहीत असतं की आपलं खरं काय आहे. म्हणून त्यांना नाही म्हणता आलं."

"मग पायलॉनचं काय? तेच गाव, तेच मित्र. किंबहुना त्यांच्यापेक्षा आधीची दाद."

हा प्रश्न ती दर वेळी काढते आणि दर वेळी तो मला टोचतो. पायलॉन हा अथेन्समधला सर्वांत चांगला बँड असं खुद्द आर.ई.एम.चे लोक म्हणत आले. १९८७ मध्ये रोलिंग स्टोननं आर.ई.एम.ला अमेरिकेतला सर्वोत्तम बँड म्हटलं तेव्हा बिल बेरीनं तो मान पायलॉनचा आहे असं सांगितलं. पायलॉनच्या 'क्रेझी' या गाण्याची स्वतःची आवृत्तीही आर.ई.एम.नं काढली. पण पायलॉननं १९८३ मध्येच थांबायचं ठरवलं. यू-टूच्या दौऱ्यात आधी वाजवायची संधी मिळाली होती. मोठ्या सभागृहांत, दुसऱ्याच कुणाला ऐकायला आलेल्या गर्दीपुढे वाजवण्यात त्यांना मजा वाटेना. मजा संपली की थांबायचं, हे त्यांचं पहिल्यापासून ठरलेलं होतं, आणि ते थांबले. मधे ते पुन्हा एकत्र आले, पुन्हा पांगले. त्यांची गायिका व्हनेसा ब्रिस्को-हे पुढे नर्स झाली.

"त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर.ई.एम.नंही शे स्टेडियमवर 'द पोलीस'च्या आधी वाजवलं," मी म्हटलं. "त्यांनाही तो अनुभव आवडला नाही. दुसऱ्यांच्या गर्दीपुढे असं वाजवायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पण ते थांबले नाहीत. लहान सभागृहांत, आपल्या नावावर येणाऱ्या लोकांपुढे वाजवत राहिले. गाव एकच, प्रसंग सारखा, निर्णय वेगळे."

"म्हणजे तू माझंच म्हणणं सांगतोयस."

"अर्धं. पायलॉनला कुणी अपयशी म्हटलं नाही, हेही गावाचंच देणं. अजूनही लोक त्यांना मानतात. २०२० मध्ये त्यांची सगळी रेकॉर्डिंग एकत्र करून मोठा संच निघाला. दुसऱ्या एखाद्या शहरात त्यांना 'संधी घालवली' असं हिणवलं असतं."

यावर ती काही बोलली नाही, तेव्हा मला वाटलं माझी सरशी झाली. पण तिनं वहीत काहीतरी काढून ठेवलं होतं. तिनं विचारलं, "त्यांच्या गाण्यांवर नावं कशी असतात, सांग."

"बेरी, बक, मिल्स, स्टाइप. चौघांची, आद्याक्षरांच्या क्रमानं. बेरी होता तोवर प्रत्येक गाण्यावर. शब्द स्टाइपनं लिहिलेले असोत की चाल बेरीची."

"आणि पैसे?"

"चौघांना सारखे. आणि कुणा एकालाही एखादी गोष्ट मान्य नसली तर ती करायची नाही."

"मामा, हे गावात शिकवत नाहीत. हे चार तरुणांनी बसून ठरवलं, एकेका पैशाचा हिशोब घालून. बहुतेक बँड फुटतात ते गाणं कुणाचं आणि वाटा कुणाचा यावरून. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला चालू कार्यक्रमात बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला. १९९७ मध्ये त्याला बँड सोडायचा होता. चौघांपैकी एक गेला तर बँड संपवायचा असं ते पूर्वी म्हणायचे. बेरीनं सांगितलं, माझ्यामुळे बँड संपणार असेल तर मी जात नाही. इतरांनी त्याला जाऊ दिलं आणि बँड पुढे चालवायचं ठरवलं. तो अथेन्सजवळ शेती करायला लागला. २०११ मध्ये तिघांनी मिळून शांतपणे बँड संपवला. ३१ वर्षं. एकमेकांवर खटले नाहीत, पुस्तकांतून चिखलफेक नाही. २०२४ मध्ये गीतकारांच्या सन्मानाला चौघं पुन्हा एकत्र उभे राहिले आणि एक गाणं वाजवलं. याचं श्रेय मी कपाटामागच्या भोकाला देणार नाही."

मला मान्य करावं लागलं. सुरुवात गावाची, टिकणं त्यांचं, अशी मी तडजोड मांडली. तिनं तीही घेतली नाही. कारण तिचा खरा मुद्दा अजून यायचा होता आणि माझ्या मते या सगळ्या वादातला तोच सर्वांत जड आहे.

"तू सारखं स्वस्त भाडं, स्वस्त भाडं म्हणतोस," ती म्हणाली. "स्वस्त कुणासाठी? विद्यापीठाची तीन उंच वसतिगृहं आहेत, क्रेसवेल, ब्रम्बी आणि रसेल. मी त्यांच्यावरून रोज जाते. ती जिथे आहेत तिथे पूर्वी लिनेनटाउन नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. जवळपास ५० कुटुंबं, बरीचशी स्वतःच्या मालकीच्या घरांत राहणारी. १९६२ ते १९६६ च्या दरम्यान शहर आणि विद्यापीठानं 'नागरी नूतनीकरण' म्हणून ती घरं घेतली, तुटपुंजी भरपाई दिली आणि पाडली. शहराच्या सरकारनं त्याबद्दल माफीचा ठराव केला तो थेट २०२१ मध्ये, आणि तोसुद्धा तिथल्या जुन्या रहिवाशांनी पाठपुरावा केला म्हणून. तू ज्या मोकळ्या, उनाड, कुणालाही सामावून घेणाऱ्या गावाबद्दल बोलतोस ते एका बाजूचं गाव आहे. त्या पार्ट्यांत नाचणारे जवळजवळ सगळे गोरे विद्यार्थी होते. 'गावानं घडवलं' म्हणताना कुठलं गाव, ते सांगायला हवं."

"पण आर.ई.एम.चे लोक त्या भिंतीपलीकडे गेलेच नाहीत असंही नाही," मी जरा चाचरतच म्हटलं. "१९९२ च्या अल्बमचं नाव कुठून घेतलं? वीव्हर डीज या खाणावळीतून. तिथला कृष्णवर्णीय मालक डेक्स्टर वीव्हर गिऱ्हाइकाला वाढताना जे म्हणायचा, तेच. 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल'. त्याची परवानगी घेऊन."

"हो. ती खाणावळ प्रसिद्ध झाली हे चांगलंच झालं. पण एका खाणावळीतलं वाक्य आणि ५० कुटुंबांची घरं, हे एका तराजूत घालू नकोस."

मी घातलं नाही. आणि हे ऐकल्यापासून मी अथेन्सबद्दल पूर्वीसारखं बोलत नाही. गाणी तीच राहिली, ती मला तेवढीच प्रिय आहेत. पण तरुणांना चुकायला जी जागा मिळते, ती कधी कधी आधी कुणाकडून तरी घेतलेली असते, हे आता माझ्या मनात त्या गाण्यांच्या शेजारीच असतं. पुण्यात टेकडीच्या पायथ्याच्या कॉलेजांच्या आसपास फिरताना मी तो प्रश्न इथेही विचारतो.

मग बोलणं जरा हलकं झालं. मी तिला १९९१ च्या व्हिडिओची आठवण सांगितली. 'लूझिंग माय रिलिजन' हे गाणं बकला मँडोलिन शिकता शिकता सुचलं. त्याचा व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगनं केला होता आणि त्याला एमटीव्हीचा त्या वर्षीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातल्या देवदेवतांसारख्या सजवलेल्या आकृती, तो भडक सोनेरी प्रकाश बघून मला आपल्याकडच्या दिनदर्शिकांवरची चित्रं आठवली. जॉर्जियातल्या बँडचं गाणं मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते एका पंजाबी माणसाच्या नजरेमुळे. भाचीला त्यातलं काही नवं नव्हतं. तिच्या पिढीला सगळंच एका बोटावर मिळतं. पण तरसेमचं नाव तिनं लिहून घेतलं.

"आता तू सांग," मी म्हटलं, "आज त्या गावात एखाद्या पोरीला बँड काढायचा असेल तर जमेल का?"

"भाडी वाढलीत. विद्यार्थ्यांसाठी महागड्या इमारती उठल्यात. पण त्या मनोऱ्याला लागूनच 'नूचीज स्पेस' आहे. २००० मध्ये सुरू झालं. एका विद्यार्थी संगीतकारानं नैराश्यात जीव दिला, त्याच्या आईनं ते उभं केलं. तिथे तासावर थोडक्या पैशांत सरावाच्या खोल्या मिळतात. मन खचलेल्या कलाकाराला समुपदेशकाकडे जायला मदत मिळते, पैसे नसले तरी. माझ्या लॅबमधला एक मुलगा तिथे ड्रम वाजवायला जातो."

"मग झालं की! गावानंच केलं ना?"

"एका आईनं केलं, मामा. गावानं नंतर देणग्या दिल्या."

"देणग्या देणारं गाव असावं लागतं."

"आणि आधी करणारी आई असावी लागते."

मी तिला विचारलं की सरावाच्या खोलीचा दर तासाला काय पडतो, खोल्या किती, दारं रात्री कितीपर्यंत उघडी असतात, आवाजाबद्दल शेजारी कुरकुरत नाहीत का. तिला सगळं माहीत नव्हतं. परत गेल्यावर विचारून कळवते म्हणाली. मला ते हवं आहे, कारण आमच्या ओळखीच्या एका कॉलेजचं सभागृह गॅदरिंग संपलं की वर्षभर कुलूपबंद असतं, आणि त्याच्या विश्वस्तांकडे जाताना माझ्या हातात आकडे असलेले बरे.